सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वीचा रक्तदाब आणि ‘फिटनेस’

दिसणे सुधारण्यासाठी करायची शस्त्रक्रिया व तिची भूल रुग्णाला झेपेल, असा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांनी द्यायचा निर्वाळा. बोलीत याला नुसते ‘फिटनेस’ म्हणतात. फुटलेले अपेंडिक्स रक्तदाब उतरेपर्यंत थांबत नाही. सुटलेले पोट किंवा विरळ केस खुशाल थांबतात. त्यामुळे इथे तारीख पुढे ढकलायला डॉक्टरांनी कचरू नये.

धाराशिव जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात या विषयाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे फाटलेली कानाची पाळी. जड झुब्यांनी भोक ओघळत जाते आणि एक दिवस पाळी दुभंगते. ‘दोन टाक्यांचे काम’ म्हणून बीपी पाहिलेच जात नाही, असे होऊ शकते. पण जागा बधिर करण्याच्या लिग्नोकेनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते (१ लाख किंवा २ लाख भागांत १ भाग). त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जखम कोरडी राहते. मात्र थोडे औषध रक्तात गेले तरी नाडी व दाब वाढू शकतो. असर ओसरला की वाहिन्या पुन्हा उघडतात आणि दाब चढलेला असेल तर कातडीखाली रक्त साचते. कानाच्या पाळीत हे निभावते. चेहऱ्याची त्वचा ताणून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र अशी रक्ताची गाठ हीच मोठी धास्ती; ती बहुधा पहिल्या २४ तासांत होते आणि पुरुषांत अधिक आढळते.

१४०/९० पासून उच्च रक्तदाब धरतात. म्हणून त्यावरची प्रत्येक शस्त्रक्रिया रद्द होत नाही. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ व रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये नियोजित शस्त्रक्रियांसाठी निकष दिला: मागील १२ महिन्यांतील नोंद १६०/१०० च्या खाली हवी, जुनी नोंदच नसेल तर तपासणीच्या दिवशी १८०/११० च्या खाली. चेहऱ्याच्या बाबतीत अनेक सर्जन याहून कडक असतात, ते योग्यच.

मोजणीतही गफलत होते. उमरग्याहून एसटीने येऊन जिना चढलेल्या माणसाचा लगेच घेतलेला आकडा फारसा कामाचा नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त दिसतो, आणि पोट कमी करायला आलेल्यांत असे दंड पुष्कळ. गावच्या आरोग्य केंद्रातील काही आठवड्यांच्या नोंदी अशा एका आकड्यापेक्षा भरवशाच्या.

उपाशी राहायचे म्हणून सकाळची बीपीची गोळीही चुकवणे ही सर्रास होणारी चूक. अ‍ॅम्लोडिपिन सहसा घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे. टेल्मिसार्टन मात्र अनेक भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलेत दाब फार घसरू शकतो. म्हणून गोळ्यांची पाकिटेच दाखवावीत. ‘पांढरी, लहान’ या वर्णनावर कोणी निर्णय घेऊ नये. मिश्री लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्रीचे वेगळे विचारावे लागते, कारण निकोटिनने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो व टाक्यांच्या कडा काळ्या पडू शकतात. किमान चार आठवडे ती सोडावी.

दुभंगलेल्या ओठांच्या बाळांचा ‘फिटनेस’ ठरवताना रक्तदाबाऐवजी ‘दहाचा नियम’ लावण्याची रीत आहे: वय १० आठवडे, वजन १० पौंड, हिमोग्लोबिन १० ग्रॅम.

धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत नाही. तिच्यासाठी लोक सोलापूर, लातूर वा पुणे गाठतात. गावाकडून आणलेले प्रमाणपत्र तिथल्या भूलतज्ज्ञावर बंधनकारक नसते. टेबलावर दाब चढलेला दिसला तर तो शस्त्रक्रिया थांबवू शकतो. केशरोपणात पुष्कळदा भूलतज्ज्ञ हजरच नसतो. मुंबईत २०१९ मध्ये केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. संशय तीव्र अ‍ॅलर्जीचा होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेला बसून हे काम शिकता येत नाही, असे त्यांत बजावले आहे.