पाटी, परीक्षा आणि पगार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास वर्गात शिकवताना आपण बहुधा १८४८ मधील पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेपासून सुरुवात करतो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात शिकणाऱ्या स्त्रीचे जे चित्र उमटते ते लहान मुलीचे असते. पण याच इतिहासात आणखी एक विद्यार्थिनी आहे. तिने विशी ओलांडलेली आहे, क्वचित पदरी मूल आहे आणि डोक्यावरून आलवणाचा पदर ओढलेला आहे. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या बायका सुना येण्याचे दिवस मोजू लागत, त्या वयात ती बाराखडीला बसली. तिला शिकायचे होते ते मुख्यतः कमावण्यासाठी. हे कारण आपण उगाच संकोचाने सांगतो.

संकोच तेव्हाही होताच. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी स्त्रीशिक्षणाचे समर्थन प्रामुख्याने सुगृहिणी आणि सुमाता या दोन शब्दांवर उभे केले. शिकलेली बायको नवऱ्याला सहचारिणी होईल आणि मुलांवर चांगले संस्कार करील, हा तो युक्तिवाद. विधवेपुढे तो लंगडा पडतो. तिला ना नवरा, ना स्वतःचा संसार. तिला शिकवायचे तर कशासाठी, या प्रश्नाला 'पोटासाठी' हेच सरळ उत्तर होते. पंडिता रमाबाईंनी हे फार लवकर ओळखले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यात दिलेल्या साक्षीत त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी केली. म्हणजे मुलींच्या शाळा वाढायच्या तर शिकवणाऱ्या बायका लागणार, आणि त्या मिळवायच्या तर मोठ्या वयाच्या बायकांना आधी शिकवावे लागणार. गरज आणि नोकरी यांची गाठ येथे पडते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचे शारदा सदन सुरू झाले. त्यात दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. घरात त्यांना बाया म्हणत. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून शारदा सदनातून अनेक मुली काढून घेण्यात आल्या आणि सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृती बाहेर पडले. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी स्थापन केलेली आणि पुढे हिंगण्याला गेलेली संस्था या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. त्यांचा जन्म १८७० चा. विशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरी एक मुलगा होता. बहिणीने पुनर्विवाहाचा मार्ग घेतला. पार्वतीबाईंनी तो घेतला नाही. त्या पुण्यात आल्या आणि शिकू लागल्या. पुढे हिंगण्याच्या संस्थेत कामाला लागल्या आणि गावोगाव हिंडून संस्थेसाठी निधी जमवू लागल्या. हे सारे करताना त्यांना एक गोष्ट सतत डाचत राहिली : इंग्रजी येत नाही. घरकामात आणि संस्थेच्या व्यापात ते शिकणे पुनःपुन्हा मागे पडले. अखेर १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी शिकायचे आणि संस्थेसाठी पैसे मिळवायचे. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले. १९२० मध्ये त्या परतल्या. आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले आणि १९३० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. गंमत अशी, की स्वकमाईवर जगलेल्या आणि एकटीने समुद्र ओलांडलेल्या या बाईंचे मत मात्र स्त्रीचे खरे क्षेत्र घरच, असे होते. या विसंगतीवरून त्यांना मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती. कमाईचे समर्थन करणारे शब्द मराठीत तयार व्हायचे होते.

१९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग होते, शिक्षिकांचे प्रशिक्षण होते आणि ससून रुग्णालयाच्या आधाराने परिचारिकांचेही. शिक्षिकेच्या पेशाला निदान 'गुरू' या शब्दाचा आधार मिळत होता. परिचारिकेला तोही नव्हता : परक्यांचे शरीर, रक्त, शिवाशिव, रात्रपाळी. सोवळ्यात वाढलेल्या घरातील विधवेने हे काम पत्करणे किती अवघड असेल, याची कल्पना आज सहज येत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ही बहुतांशी ब्राह्मण व तत्सम जातींतील विधवांची कथा आहे. कमावणे ही गोष्ट त्यांच्यासाठी नवी होती. शेतावर, गिरणीत, रस्त्यावर राबणाऱ्या बायका कमावतच होत्या. त्यांना कमी पडत होती ती पाटी हाती धरण्याची फुरसत. फुले दांपत्याने १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती ही अडचण ओळखूनच.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासाचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली. तिच्यातील यमू वाचायला शिकते, लिहिते, आपली कहाणीही सांगते. पण वैधव्यानंतर त्या अक्षरओळखीवर तिला जगता येत नाही. शारदा सदन तेव्हा नुकतेच उघडले होते. त्यानंतर चारएक दशकांनी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले. त्यातील मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात. या दोन पुस्तकांमधील अंतर आपण सहसा शैलीच्या आणि वास्तववादाच्या भाषेत मोजतो. मला वाटते, ते शिक्षिकांच्या आणि परिचारिकांच्या पगारपत्रकांतही मोजायला हवे. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे; त्यांचे स्वतःचे शिक्षण हिंगण्याच्या संस्थेतले. यमूच्या हाती पगार नव्हता. तो हाती आल्यावर पुढे काय होते, हे बाळूताईंनी पाहिले आणि एका कथेला शीर्षक दिले : 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' आता घर मुलीच्या कमाईवर चालू लागले आहे, आणि म्हणूनच तिच्या लग्नाची घाई कोणालाच नाही.