ताज उलटं बांधलं नाही

गिरगावातले आमचे आजोबा सुट्टीच्या दिवशी आम्हाला पालव्याला, म्हणजे अपोलो बंदरावर न्यायचे. हातात खाऱ्या दाण्यांची पुडी पडली की गोष्ट ठरलेली. "ताज उलटं बांधलंय रे. नकाशा साहेबाचा, बांधणारे आपले. साहेब विलायतेहून परतला, बघतो तर हॉटेलची पाठ समुद्राला! गेला वर आणि घेतली उडी." आजीची गोष्ट वेगळी. वॉटसन हॉटेलाने जमशेदजी टाटांना हिंदी म्हणून दारातूनच परतवलं, म्हणून त्यांनी ताज उभारलं. त्याला भक्कम पुरावा नाही, पण ती ऐकताना ऊर भरून यायचा.

आजोबांच्या गोष्टीचा मात्र मला आता राग येतो. तिच्यात आपले गवंडी मूर्ख ठरतात आणि खरा माणूस गायब होतो. आराखडा होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसवर वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या हाताखाली काम केलेलं. ताजचं काम चालू असतानाच ते हिवतापाने गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. जीव कुणीच दिला नाही. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडियाही नव्हता. घोडागाड्या शहराच्या अंगाने येत, म्हणून दार तिकडे. समुद्राचा वारा राहणाऱ्यांच्या खोल्यांना. त्या जुन्या दारापाशी आज पोहण्याचा तलाव आहे.

नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताजच्या घुमटाभोवतीच्या ज्वाळा टीव्हीवर बघताना आजी-आजोबा नव्हते, याचं बरं वाटलं. हॉटेलात ३१ जीव गेले. शेजारचा टॉवर डिसेंबरातच सुरू झाला, पण जुनी इमारत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. जळालेल्या मजल्यांवर सुतार, गवंडी, रंगारी राबले. सोराबजी कंत्राटदारांचा तो अधांतरी वाटणारा जिना आजही चढता येतो, आणि माझ्या लेखी या जीर्णोद्धाराचं मोठेपण त्यात आहे.

आजीच्या गोष्टीतल्या वॉटसनला मात्र असा वाली मिळाला नाही. लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून काळा घोड्याला आणून जोडलेली ती इमारत. १८९६ साली ल्युमिएरांची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा तिथेच पाहिली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली गेली. पाडा म्हणणारे आहेत, वाचवता येईल म्हणणारे जाणकारही आहेत. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. ताजसाठी जी चिकाटी दाखवली गेली, ती वॉटसनच्या वाट्यालाही यायला हवी.