चार्जरला ‘पुरे’ कधी कळतं?

नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीकडे निघालं की सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर भिवापूर लागतं. मिरचीचं गाव, तिथल्या मिरचीला जीआय टॅगसुद्धा मिळालाय. तालुक्याचं ठिकाण असल्यामुळे ग्रामीण रुग्णालय आहे, पण मांडीचं हाड मोडलं की पेशंटची गाडी नागपूरकडेच वळते. ह्याच रस्त्याने उलट दिशेला कधीकधी डॉक्टर जातात. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आहे (१९८६ पासून). तिथे ऑपरेशनची शिबिरं भरतात आणि मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचं पथक तिथे मणक्याची ऑपरेशन्स करत आलंय. शिबिर म्हणजे एकामागून एक पेशंट, आणि हत्यारं मात्र बरोबर आणलेली तेवढीच.

आता माझ्यातल्या इंजिनियरला पडलेला प्रश्न बघा. अशा ठिकाणी हाडाला भोक पाडायला बॅटरीवरचं ड्रिल नेलं, तर दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती बॅटरी भरायची कशी? वाटलं होतं की पाच मिनिटांत उत्तर मिळेल. अख्खा शनिवार गेला.

आधी थोडं मागे जाऊ. हाड कापायला यंत्र हवं ही गरज जुनी आहे. १८३० मध्ये जर्मनीत बर्नहार्ड हाइनेने हाड कापण्यासाठी हँडल फिरवून चालवायची साखळीची करवत बनवली. (हो, लाकूडतोड्यांच्या चेनसॉची आजी ती!) पुढे वीज आली. अमेरिकेतल्या कॅलमाझूचे अस्थितज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांना १९४७ मध्ये प्लास्टर कापायच्या थरथरत्या करवतीचं पेटंट मिळालं. पण ओल्या, उघड्या जखमेत मेनलाइनची वायर घेऊन उतरणं कुणालाच फारसं पसंत नव्हतं. म्हणून १९६० च्या दशकात हवेवर चालणारी ड्रिल्स गाजली. त्यांना नायट्रोजनचं सिलिंडर आणि जाड नळी लागायची. मोठ्या शहरातल्या थिएटरात ठीक, पण सिलिंडर घेऊन उमरेडचा रस्ता? कठीणच.

वायर आणि नळी दोन्ही टाळायची तर बॅटरीच हवी. निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्येच शोधली होती. पण चार्जिंग संपत आलं की तिच्यात वायू तयार होतात, त्यामुळे ती पूर्ण बंद डब्यात ठेवता येत नव्हती. १९४७ मध्ये न्यूमनने ही अडचण सोडवली. ऋण बाजूच्या पट्टीत मुद्दाम जास्तीचं कॅडमियम ठेवायचं, म्हणजे धन बाजूला निघालेला ऑक्सिजन तिथेच पुन्हा शोषला जातो. सेल सीलबंद झाला आणि आडवा-उलटा कसाही धरता येऊ लागला. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं बिनवायरचं ड्रिल काढलं ते ह्याच सेलवर. (हे ड्रिल नासाने शोधलं असं फॉरवर्ड मेलमध्ये येतं, ती थाप आहे. चंद्रावरच्या ड्रिलसाठी नासा ब्लॅक अँड डेकरकडे गेली हे खरं, पण ते ड्रिल अपोलो १५ बरोबर १९७१ मध्ये गेलं.) सुताराचं ड्रिल आलं तसं मग सर्जनचंही आलं.

आता चार्जिंग. सुरुवातीचे चार्जर रात्रभराचे होते, चौदा ते सोळा तासांचे. करंट इतका कमी की बॅटरी भरल्यावरही चालू राहिला तरी तो जास्तीचा ऑक्सिजन आतल्या आत जिरायचा. म्हणजे चार्जरला काहीच कळायची गरज नव्हती. बिनडोक, पण सुरक्षित.

घाई करायची म्हटलं की गणित बदलतं. तासाभरात भरायची तर करंट दहापट. भरेपर्यंत काही त्रास नाही. निकेल-कॅडमियम सेल भरताना उलट किंचित थंडच राहतो. पण भरल्या क्षणापासून येणारी सगळी वीज ऑक्सिजन आणि उष्णता बनवायला लागते. ऑक्सिजन जिरण्याचा वेग अपुरा पडतो, दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि आतलं द्रावण बाहेर जातं. गेलेलं परत येत नाही. अशी बॅटरी पुढच्या वेळी भरलेली दिसते, पण मांडीच्या हाडाच्या पोकळीत रीमर अर्ध्यात असताना दम टाकते. पेशंट भूल देऊन आडवा, हाड उघडं, आणि हातातलं यंत्र गप्प.

तेव्हा वेगाने भरणं ही अवघड गोष्ट नव्हतीच. जाड करंट कुणीही सोडेल. खरा प्रश्न आपल्या ओळखीचा निघाला: लूपमधून बाहेर कधी पडायचं? :)

पहिलं उत्तर घड्याळाचं. तासाभराने बंद. पण बॅटरी रिकामी होती की आधीच अर्धी भरलेली, हे घड्याळाला काय माहीत? त्यात आपल्याकडचं एक खास प्रकरण बघा. २००५ नंतरची काही वर्षं आठवा, ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तासांचं लोडशेडिंग. लाइट गेले, जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं, मग लाइट परत, पुन्हा बदल. टायमरवाला चार्जर प्रत्येक झटक्याला सगळं विसरतो आणि शून्यापासून मोजायला लागतो. चाळीस मिनिटं भरलेल्या बॅटरीला तो प्रामाणिकपणे आणखी एक तास भरणार! आमच्या भाषेत, स्टेट चुकीच्या जागी ठेवलं. बॅटरी किती भरलीय ही माहिती चार्जरच्या डोक्यात नको, बॅटरीकडूनच वाचायला हवी. (उमरेडला वेकोलिच्या कोळसा खाणी, नागपूरच्या पलीकडे कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं, आणि मधल्या गावांत अंधार. ह्यावर वैदर्भीय माणूस तासभर बोलू शकतो. असो.)

दुसरं उत्तर तापमानाचं. बॅटरी भरली की तापते, मग ठराविक अंशाला, समजा पंचेचाळीसला, बंद करू. युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीत झकास कल्पना. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा, बिनएसीच्या स्टोअर रूममधला तो चार्जर भरायला सुरुवात करायच्या आधीच ‘झालं’ म्हणून सांगेल. त्यापेक्षा तापमान मिनिटाला किती वाढतंय हे बघणं शहाणपणाचं. मिनिटाला साधारण एक अंशाने चढायला लागलं की थांबायचं. मग बाहेर नागपूर असो की ओस्लो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडलं. भरताना सेलचं व्होल्टेज हळूहळू चढत जातं आणि भरल्यावर, गरम झाल्यामुळे, किंचित उतरतं. एका सेलमागे दहा-वीस मिलिव्होल्ट. हा बारीकसा उतार पकडायचा. पण गोंगाटातून मिलिव्होल्ट ओळखायला मोजमाप आणि तर्क दोन्ही लागतात, म्हणून ह्या चार्जरमध्ये चिप्स आल्या. १९९० च्या दशकातल्या मॅक्सिम कंपनीच्या मॅक्स ७१२ आणि ७१३ ह्या जुळ्या चिप्स बघा. ७१३ उताराची वाट बघते, तर ७१२ चढ संपून सपाटी आली की थांबते. ही दुसरी निकेल-मेटल हायड्राइड सेलसाठी, कारण तिचा उतार इतका पुसट की वाट बघत बसलात तर उशीर होईल. शिवाय महिनोन्महिने पडून राहिलेला सेल पहिल्या काही मिनिटांत खोटा उतार दाखवतो, म्हणून सुरुवातीला तिकडे दुर्लक्ष करायचं. थोडक्यात, सर्जनच्या हातातलं ड्रिल वेळेवर फिरावं म्हणून शेजारच्या खोलीतल्या डब्यात चार-पाच इफ-एल्स बसल्या.

एवढं झाल्यावर प्रश्न सुटला असं वाटेल. पण सुताराची आणि सर्जनची बॅटरी सारखी नसते, कारण सर्जनची निर्जंतुक लागते. म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये १३२-१३४ अंशांची वाफ. बॅटरी आधी भरायची, मग उकडायची, मग थंड होऊ द्यायची. उष्णतेने तिचा चार्ज आपोआप गळतो, आयुष्यही घटतं. ऑपरेशनच्या मध्येच बॅटरी संपली आणि जादा पॅक तयार नसला, तर चार्जर कितीही जलद असला तरी पुढचे वाफेचे आणि गार होण्याचे टप्पे चुकत नाहीत. पंधरा मिनिटांच्या चार्जिंगचा उपयोग काय मग?

ह्यावरची युक्ती चार्जिंगवाल्यांनी नाही, हत्यारवाल्यांनी काढली. उकडायचं ते फक्त ड्रिलचं कवच. बॅटरी आयुष्यात कधीच ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही. ऑपरेशनच्या आधी निर्जंतुक ड्रिलच्या तोंडावर निर्जंतुक नरसाळं बसवतात, बाहेरची नर्स कशालाही न शिवता बॅटरी त्यातून आत सोडते, मग नरसाळं काढून हातमोजे घातलेला माणूस झाकण लावतो. बस्स. सिंथेससारख्या कंपन्यांची यंत्रं अशीच चालतात. इथे पहिल्यांदा जलद चार्जिंगला खरा अर्थ आला. चार्जर शेजारच्या खोलीत, दोन पॅक, एक ड्रिलमध्ये आणि एक भरत. शिबिरातल्या दहा पेशंटना दहा पॅक लागत नाहीत. आणि वीजही किती? पॅक वीस वॉट-तासांचा धरला, तर पाऊण तासात भरायला तीस-चाळीस वॉट पुरतात. ट्यूबलाइटएवढे. ऑटोक्लेव्हला मात्र किलोवॉट लागतात, जनरेटरचं डिझेल तिथे जातं.

ज्यांना हे सगळं परवडत नाही त्यांनी तीच युक्ती स्वस्तात केली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी गेल्या दशकात कंपालाच्या मुलागो रुग्णालयाबरोबर काम करून साध्या हार्डवेअरच्या ड्रिलला घालायची, पुन्हा पुन्हा निर्जंतुक करता येणारी कापडी पिशवी बनवली. आत दुकानातलं ड्रिल, दुकानातलीच बॅटरी, दुकानातलाच जलद चार्जर. तो चार्जर जगभरच्या सुतारांच्या गिऱ्हाइकीमुळे स्वस्त झालेला.

मग लिथियम-आयन आली. तिच्यात ‘पुरे’ कळणं सोपं. सेलमागे ४.२ व्होल्टला पोचलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं, करंट आपोआप ओसरत जातो. लाइट गेले-आले तरी सेलचं व्होल्टेज खरं काय ते सांगतं. पण तिच्या आतला पॉलिथिनचा पातळ पडदा १३०-१३५ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, म्हणजे नेमका ऑटोक्लेव्हच्या तापमानाला! आधी पडदा, मग वाफ, असा क्रम चालणारच नाही. त्यामुळे उकडता येणारे निकेल-कॅडमियम पॅक लगेच अडगळीत गेले नाहीत. युरोपीय संघाने २००६ च्या नियमांत हाती वापरायच्या बॅटऱ्यांमधल्या कॅडमियमवर बंदी घातली तेव्हा वैद्यकीय उपकरणांना सूट ठेवली होती. बिनवायरच्या ड्रिल्सनाही होती, पण सुतारांची सूट २०१६ च्या अखेरीस संपली.