शस्त्रपरवान्याचा कायदा आणि कर्जत तालुका : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८५७ ते २०१९)

प्रस्तावना

शस्त्र बाळगण्याचा अधिकार कोणाला द्यावा हा प्रश्न केवळ कायदा व सुव्यवस्थेपुरता मर्यादित नाही. राज्यसंस्था आपल्या प्रजेवर किती विश्वास ठेवते, याचे ते एक माप असते. भारतातील शस्त्रविषयक कायद्याचा इतिहास बहुधा दिल्ली, कलकत्ता व लंडन येथील निर्णयांच्या अंगाने लिहिला गेला आहे. तथापि या कायद्याचा खरा परिणाम गावाच्या शिवारात झाला. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका हे त्याचे बोलके उदाहरण आहे. दक्षिणेस भीमा नदी, बाकी कोरडवाहू जमीन व वारंवार पडणारा दुष्काळ अशी या तालुक्याची ओळख आहे. प्रस्तुत निबंधात इ.स. १८५७ पासूनच्या शस्त्रविषयक कायद्यांचा आढावा घेऊन, या तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय झाला, याचा विचार केला आहे.

निःशस्त्रीकरणाची पार्श्वभूमी

मराठेशाहीत गावगाड्याच्या रक्षणाची जबाबदारी पाटील, जागले व रामोशी यांच्यावर असे आणि शस्त्र हा त्या जबाबदारीचा स्वाभाविक भाग होता. शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस जात. कर्जतच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. अशा फौजांतील अनेक शिपाई मोहीम संपली की आपल्या गावी परतून शेती करीत. त्यामुळे तलवार, भाला किंवा तोड्याची बंदूक घरात असणे यात कोणास वावगे वाटत नसे. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतरही ही स्थिती एकदम पालटली नाही.

खरा बदल १८५७ च्या उठावाने घडविला. अहमदनगर जिल्ह्यात या उठावाचे रूप भिल्लांच्या बंडाचे होते. पूर्वी नगरच्या पोलीस दलात नोकरी केलेल्या भागोजी नाईक यांनी त्याचे नेतृत्व केले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटेजवळच्या चकमकीत जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारले गेले. हे बंड शमविण्यास सरकारला दोन वर्षे लागली व नोव्हेंबर १८५९ मध्ये भागोजी नाईक चकमकीत धारातीर्थी पडले. सरकारच्याच दलात शिकलेला मनुष्य सरकारविरुद्ध शस्त्र उचलू शकतो, हा धडा राज्यकर्त्यांनी या प्रसंगातून घेतला असल्यास नवल नाही. १८५७ चा अठ्ठाविसावा व १८६० चा एकतिसावा कायदा यांनी शस्त्रास्त्रांची आयात, निर्मिती, विक्री व बाळगणे यांवर बंधने घातली.

कर्जरोख्यांची होळी आणि १८७८ चा कायदा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. ही चळवळ लवकरच अहमदनगर जिल्ह्यात पोहोचली आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत तिचे पडसाद उमटले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांना अटक झाली. इतिहासात 'दख्खनचे दंगे' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. ज्या दस्तऐवजाच्या आधारे न्यायालयातून जमीन जात होती, तो दस्तऐवज नष्ट करणे हा त्यांचा हेतू होता. सावकारांच्या जिवावर बेतणारे हल्ले फारच थोडे झाले. म्हणजे जिल्ह्यातील या सर्वांत मोठ्या शेतकरी उठावात बंदुकीला जवळजवळ स्थान नव्हते.

यानंतर १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत, १८७८ मध्ये, दोन कायदे करण्यात आले. मार्च महिन्यात देशी वृत्तपत्रांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी १८७८ चा अकरावा कायदा म्हणजे शस्त्रास्त्र कायदा मंजूर झाला. तो संपूर्ण हिंदुस्थानासाठी होता. दख्खनच्या दंग्यांमुळेच तो केला गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र तो लागू झाला तेव्हा कर्जतचा शेतकरी कर्ज, दुष्काळ व निःशस्त्रीकरण अशा तिहेरी अवस्थेत होता, ही वस्तुस्थिती आहे.

या कायद्यानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगणे व सशस्त्र फिरणे हा गुन्हा ठरला. साध्या उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत, तर लपवून केलेल्या गंभीर उल्लंघनास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, भाला, इतकेच नव्हे तर धनुष्यबाणही समाविष्ट होते. सर्वाधिक आक्षेपार्ह बाब म्हणजे सूट देण्याचा सरकारचा अधिकार. त्या अधिकारान्वये युरोपियनांना परवान्यातून वगळण्यात आले. एतद्देशीयांपैकी काही संस्थानिक व सरदार वगळता बाकी सर्वांस परवाना आवश्यक झाला. इ.स. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदलाची मागणी केली. लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये वृत्तपत्रविषयक कायदा रद्द केला, परंतु शस्त्रास्त्र कायदा कायम राहिला. लेखणीवरील बंधन चार वर्षांत सुटले, बंदुकीवरील मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

कायद्याची मर्यादा

कायदा कठोर असूनही ज्यांना राज्याविरुद्ध शस्त्र उचलावयाचे होते त्यांना तो थांबवू शकला नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी व इतर साथीदारांसह पुणे जिल्ह्यातील धामारी येथे पहिला छापा घातला. कायदा होऊन तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते. पुढे १९०९ मध्ये वि. दा. सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या खोट्या तळातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. शस्त्रपरवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडेच असे, हे लक्षात घेता या घटनेतील विरोधाभास स्पष्ट होतो. ज्याने कायदा मोडण्याचा निश्चय केला होता त्याला शस्त्र मिळाले. रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहिला. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील वंशावर आधारलेली सूट काढून टाकण्यात आली, परंतु परवाना ही सरकारची मेहेरबानी आहे ही दृष्टी बदलली नाही.

स्वातंत्र्योत्तर कायदा

राष्ट्रीय सभेच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नमूद होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क बिनशर्त दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्यामुळे स्वतंत्र भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क ठरला नाही.

तथापि शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याने जुन्या कायद्याची वृत्ती बऱ्याच अंशी सौम्य केली. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदविणे व त्याविरुद्ध अपील करता येणे या तरतुदी त्यात आल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने कलम १३ विशेष महत्त्वाचे आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीची अन्य बंदूक मंजूर करता येईल, असे त्यात म्हटले आहे. पीकसंरक्षण हे कारण अशा रीतीने अधिनियमातच मान्य झाले. पुढे १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनच अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

रेहेकुरी : दोन कायद्यांची गाठ

कर्जत तालुक्यात या प्रश्नाला १९८० नंतर वेगळे वळण लागले. त्या वर्षी रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळवीट कुंपण जाणत नाही. गवत संपले की कळप भोवतालच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारात उतरतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने आपल्या नावाची नोंदणी वन्यजीव विभागाकडे करावी लागते. त्याच क्षेत्रात नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती आवश्यक असते. शिवाय काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. या अनुसूचीतील प्राणी केवळ पिकाचे नुकसान करतो या कारणासाठी त्याची शिकार करण्याची परवानगी कायदा देत नाही. म्हणजे शस्त्र अधिनियम पीकसंरक्षणासाठी बंदूक मान्य करतो, परंतु येथील पीक खाणाऱ्या प्राण्यावर ती चालविणे हा गंभीर गुन्हा ठरतो. अशा वेळी परवानाधारक शेतकऱ्याच्या हाती उरते ती राखण, कुंपण आणि नुकसानभरपाईचा अर्ज. या व्यवस्थेत काळवीट वाचले, ही निःसंशय मोठी उपलब्धी आहे. मात्र तिचा भार गावाच्या शिवारावर पडला, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. १) १८७८ च्या कायद्याचा पाया अविश्वास हा होता व त्याची विभागणी वंशाधारित होती. २) हा कायदा क्रांतिकारकांना रोखू शकला नाही, त्याचे ओझे प्रामुख्याने सामान्य ग्रामस्थावर पडले. ३) १९५९ च्या अधिनियमाने शेतकऱ्याची गरज मान्य केली, तरी हक्क न देता परवान्याचीच चौकट कायम ठेवली. ४) कर्जतसारख्या तालुक्यात शस्त्रकायदा व वन्यजीव कायदा एकाच शेतात एकमेकांना भिडतात.

सुप्याच्या व कर्जतच्या शेतकऱ्याने १८७५ मध्ये कागद जाळला, कारण त्याचे नुकसान कागदाने होत होते. आजही त्याचे संरक्षण बंदुकीपेक्षा कागदावर, म्हणजे वेळेवर झालेल्या पंचनाम्यावर व मिळालेल्या भरपाईवर अवलंबून आहे. तो कागद विश्वासार्ह ठरला, तरच बंदुकीची मागणी आपोआप कमी होईल आणि काळवीटही निर्धास्त राहील.