चाळीसगावचा टांगा आणि आमची दारू

1929 साल. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि तिचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. म्हणजे माणूस सरकारी कामावर होता. बॅरिस्टर होता, कायदेमंडळाचा सदस्य होता. तरी चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला महारवाड्यातलाच कोणी तरी बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला.

त्याआधी 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. राहायला जागा मिळेना, शेवटी नोकरी सोडावी लागली. आज ज्याला आपण कामाच्या ठिकाणचा छळ म्हणतो, तो हाच. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हते.

आमच्या जळगावची डॉ. पायल तडवी. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. घरच्यांनी आधीच तक्रार केली होती. तिची आई आबेदा आणि रोहितची आई राधिका वेमुला या दोघी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लोक मात्र म्हणाले, पोरगी मनाने कमकुवत होती.

हेच वाक्य दारूबद्दल जरा बदलून येते. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत गटारात उतरणारा सफाई कामगार म्हणतो, घोट घेतल्याशिवाय खाली पाऊल पडत नाही. ऑफिसात दिवसभर टोमणे ऐकणारा आमचा शिकलेला भाऊ संध्याकाळी बारमध्ये बसतो. पहिल्याला आपण अडाणी म्हणतो, दुसऱ्याला बिघडलेला. (आणि भाषण देणाऱ्यांपैकीही काही जण रात्री तिथेच असतात, हे आम्हाला ठाऊक आहे.)

दारूचे समर्थन आम्ही करत नाही. तिने आमच्या आयाबहिणींचे संसार जाळले. पण नुसत्या शपथा देऊन साहेबाचे टोमणे थांबत नाहीत. ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली तक्रार करायची तर तारखा, साक्षीदार, लेखी नोंद लागते. ती नोंद ठेवायला आपल्या शाखा शिकवतात का? दर 31 जुलैला बाबासाहेबांच्या 1937 च्या मुक्कामाची आठवण म्हणून आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. या वेळी पिणाऱ्याला बाजूला घेऊन विचारू: भाऊ, कामावर काय चाललंय?