जाहिरात-अवरोधक आज्ञावलींची निवड : एक ऐतिहासिक आढावा

महाजालावरील जाहिरातींच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः ऑक्टोबर १९९४ पासून धरण्यात येतो. त्या महिन्यात ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या स्वरूपातील जाहिराती प्रथम झळकल्या. परंतु अधिक दूरगामी घटना पुढील वर्षाची होय. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरात जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि संकेतस्थळाचे पान हे केवळ छापील कागदासारखे वाचावयाचे पान राहिले नाही. वाचकाच्या संगणकावर आज्ञा चालविण्याचे सामर्थ्य त्याला प्राप्त झाले. डोळ्यांना दिसणारी जाहिरात आणि न दिसता काम करणारी स्क्रिप्ट असे उपद्रवाचे दोन प्रकार येथून पुढे समांतर वाढत गेले. त्यांना आवरण्यासाठी ब्राउझरला जोडावयाच्या ज्या पूरक आज्ञावली, म्हणजे एक्स्टेन्शने, निर्माण झाली, त्यांतही हे दोन पंथ प्रारंभापासून दिसतात.

पहिल्या पंथाचा आद्य प्रवर्तक हेन्रिक आस्टेड सोरेन्सन हा डॅनिश विद्यार्थी. त्याने २००२ मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक’ लिहिले. २००६ मध्ये व्लादिमीर पालान्त याने त्याची नव्याने रचना करून ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ प्रसिद्ध केले. अडवावयाच्या पत्त्यांच्या व नियमांच्या याद्या इतरांनी तयार कराव्यात व वाचकाने त्यांचे सदस्य व्हावे, ही पद्धत याच आज्ञावलीमुळे रूढ झाली. २००५ मध्ये सुरू झालेली ‘ईझीलिस्ट’ ही अशा याद्यांपैकी प्रमुख होय. वस्तुतः अवरोधकाचे बळ यादीत असते. अवरोधक हा तिचा अंमलदार मात्र. दुसरा पंथ इटलीतील जॉर्जो माओने याच्या ‘नोस्क्रिप्ट’चा (२००५). वाचकाने परवानगी देईपर्यंत कोणतीही स्क्रिप्ट चालू द्यावयाची नाही, हा त्याचा दंडक. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निःसंशय श्रेष्ठ. परंतु निम्मी संकेतस्थळे त्यामुळे मोडकळीस आल्यासारखी दिसतात आणि प्रत्येक ठिकाणी न्यायनिवाडा करण्याचे काम वाचकाच्या माथी येते. बहुसंख्य वाचकांनी पहिला पंथ स्वीकारला यात नवल नाही.

तथापि अवरोधक किती जाहिराती अडवितो, या एका निकषावर निवड करणे अपुरे असल्याचे लवकरच दिसून आले. २००९ मध्ये नोस्क्रिप्टच्या एका नव्या आवृत्तीने अ‍ॅडब्लॉक प्लसच्या नियमांत हात घालून माओने याच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील जाहिरातींना वाट मोकळी करून दिली. गदारोळ उठल्यावर माओने याने जाहीर क्षमा मागून तो बदल मागे घेतला. २०११ मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लसची मालक असलेल्या जर्मनीतील आयओ या कंपनीने ‘स्वीकारार्ह जाहिराती’ची योजना आणली. ठरलेल्या अटी पाळणाऱ्या जाहिराती यापुढे मुळातच अडविल्या जाणार नव्हत्या. मात्र मोठ्या कंपन्यांना या सवलतीसाठी शुल्क द्यावे लागे. अटी प्रसिद्ध होत्या आणि वाचकाला ही सवलत बंदही करता येत असे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याला अडवावयाचे त्याच्याकडूनच नाकेदाराने जकात घ्यावी, हा व्यवहार अनेकांना रुचला नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेच्या दाव्यात हा व्यवसाय कायदेशीर ठरविला. औचित्याचा प्रश्न अर्थातच निराळा राहिला.

या पार्श्वभूमीवर कॅनडातील रेमंड हिल याने जून २०१४ मध्ये ‘यूब्लॉक’ प्रसिद्ध केले. याद्या त्याच, परंतु संगणकाच्या स्मृतीवर व प्रक्रियकावर पडणारा भार पुष्कळच कमी. लोकप्रियतेबरोबर वापरणाऱ्यांच्या मागण्याही वाढल्या. त्यांना कंटाळून हिल याने एप्रिल २०१५ मध्ये प्रकल्पाचा ताबा ख्रिस अलजूदी या सहकाऱ्याकडे सोपविला आणि थोड्याच दिवसांत ‘यूब्लॉक ओरिजिन’ या नावाने आपली निराळी शाखा काढली. अलजूदीच्या संकेतस्थळावर देणग्यांचे आवाहन झळकू लागले. हिल याने मात्र देणगी स्वीकारावयाची नाही हा नियम कायम ठेविला. पुढे मूळ नाव ‘अ‍ॅडब्लॉक’ या तिसऱ्याच आज्ञावलीच्या चालकांकडे गेले. ती आज्ञावलीही २०१५ मध्ये एका अज्ञात खरेदीदाराला विकली गेली होती. २०१९ मध्ये यूब्लॉकने स्वीकारार्ह जाहिरातींना प्रवेश दिला. नावातील एका शब्दाच्या फरकाने परस्परविरुद्ध धोरणांच्या दोन आज्ञावली एकाच बाजारात उभ्या राहिल्या आणि पाटी वाचून निवड करणारा वाचक फसण्याची सोय झाली.

अवरोधकाला काम करण्यासाठी वाचक उघडीत असलेले प्रत्येक पान पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार सामान्यतः द्यावा लागतो. आज्ञावली विकली जाते तेव्हा हा अधिकारही नकळत हस्तांतरित होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नॅनो डिफेंडर’ नव्या मालकांकडे गेल्यावर त्यांनी वापरणाऱ्यांची माहिती बाहेर धाडणारा मजकूर तिच्यात घातला. हिल याने तो उघडकीस आणला व गूगलने ती आज्ञावली आपल्या भांडारातून काढून टाकली.

अशा प्रकारांकडे बोट दाखवूनच गूगलने क्रोम ब्राउझरसाठी ‘मॅनिफेस्ट’ नियमांची तिसरी आवृत्ती आणली. तिचा मसुदा २०१८ चा. तिच्यानुसार एक्स्टेन्शनने प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवावयाची नाही; नियम ब्राउझरच्या स्वाधीन करावयाचे आणि अडविण्याचे काम ब्राउझरने करावयाचे. नियमांच्या संख्येलाही मर्यादा आली. मागण्यांचे केवळ निरीक्षण करण्याची मुभा एक्स्टेन्शनांना राहिलीच आहे, तेव्हा गुप्ततेचा युक्तिवाद लंगडा आहे, हा हिल याचा आक्षेप ग्राह्य वाटतो. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हेही येथे विसरता येत नाही. २०२५ पर्यंत क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन निष्क्रिय झाले व त्याच्या जागी ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ ही मर्यादित सामर्थ्याची आवृत्ती उरली. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेविली, त्यामुळे पूर्ण सामर्थ्याचा अवरोधक हवा असणारे पुष्कळ जण तिकडे वळले. त्या फायरफॉक्सची निर्माती असलेल्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग मात्र अनेक वर्षे शोधयंत्राच्या करारापोटी गूगलनेच पुरविलेला आहे.