कथा आणि स्वर : चामराजपेटेतून मागे पाहताना

बंगळूरमधील चामराजपेट ही वसाहत १८९२ साली वसली. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आणि १९३९ पासूनचा रामनवमी संगीतोत्सव यांमुळे तिला सांस्कृतिक महत्त्व आले. मराठी वाङ्मयाचा अभ्यासक तिकडे सहसा वळत नाही. वस्तुतः दक्षिणेतील हरिकथेचा विचार मराठी कीर्तनाला वगळून करता येत नाही.

या नात्याचा एक धागा बंगळुरातच सापडतो. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य येथे होते. त्यांच्या बहुभाषिक दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आढळते. पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरला स्थापिलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या आश्रयाने मराठी कीर्तन कावेरीकाठी रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्याची धाटणी आत्मसात केली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग यांची कर्नाटक संगीताशी सांगड घातली.

ही सांगड केवळ सजावटीची नव्हती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान. गद्यातून कथा पुढे सरकते; साकी तिला वेग देते; करुण प्रसंगी दिंडी तिला थांबवून धरते. म्हणजे स्वर हा येथे कथेचा अलंकार नसून तिच्या रचनेचाच घटक आहे. म्हणूनच भाषा बदलली तरी छंद टिकले.

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातही चारणाची वाणी आणि ‘क्लार्साख’ ही छोटी वीणा सरदारांच्या आश्रयाने एकत्र नांदत होती. आश्रय सरला आणि अठराव्या शतकात ती वीणा जवळजवळ मुकी झाली. तिच्या पुनरुज्जीवनासाठी १९३१ मध्ये संस्था स्थापावी लागली. तंजावरचे राज्य खालसा झाले, तरी हरिकथा मात्र उरली. देवळाच्या सभामंडपात आणि उत्सवाच्या मांडवात तिला दुसरा आश्रयदाता भेटला होता. तो म्हणजे श्रोता.

आपला वाङ्मयेतिहास मराठी शब्दांपाशी थांबतो. परभाषेत नांदणाऱ्या मराठी छंदांची नोंद त्यात क्वचितच होते. ती झाल्याशिवाय हा इतिहास पुरा म्हणता येणार नाही.